माडीवरची रेल्वे

७ जानेवारी १९३४
आजपासून माडीवर रेल्वे. रत्नागिरीला सरकार आणील तेव्हा आणील, मी मेपर्यंत आणतो. चावीचं इंजिन, दोन डबे आणि रूळ मुंबईहून बोटीने आले. कचेरीत इतका पुढचा विचार कोणी करत नाही.

८ जानेवारी
बायकोची, म्हणजे मथुरेची, अट: मे महिन्यात तिचा भाऊ बाळा येईल. त्याच्यासमोर गाडी मुंबईहून रत्नागिरीला येऊन परत गेली, तर माडी कायमची माझी. नाहीतर दरवर्षीसारखी आंबे पिकत घालायला. लगेच कबूल केलं. बिचारी हरणार.
बाळा कल्याणला रेल्वेत गार्ड आहे. त्याला विचारून करा, म्हणाली. गरज नाही. मी स्वतः बोरीबंदरला तासभर उभा राहून गाड्या पाहिल्यात. बसलो नाही. आत बसल्यावर गाडी दिसते कुठे?

१८ फेब्रुवारी
प्लॅन नंबर सात, फायनल. मुंबई खिडकीपाशी, रत्नागिरी जिन्यापाशी, मध्ये जांभ्या दगडाचा डोंगर. रत्नागिरीला समुद्र हवाच, म्हणून पाणी भरलेली परात. परातीचं मथुरेला सांगितलेलं नाही.

४ मार्च
धाकू सुताराने लाकडी स्टेशन आणलं. परातीच्या पलीकडे ठेवलं. रूळ अलीकडेच संपतात. धाकू म्हणाला, भाऊ, माणसं गाडीत चढायची कशी? म्हटलं, बोटीवर चढतो तशीच, किनाऱ्यावरून छोट्या पडावात बसून. हां, तेव्हढं बाकी खरं, म्हणाला. संध्याकाळी बोटभर पडाव करून दिला. समजूतदार माणूस.

१५ एप्रिल
परातीचा पत्ता लागला. पीठ काय तुमच्या मुंबईत मळू, असं मथुरा म्हणाली. मेपर्यंत मुदत मिळाली.
मग तिने विचारलं, गाडी परत कशी जाते? म्हटलं, वळते. बोट नाही वळत? परातीअलीकडे वळायला ऐसपैस जागा सोडली आहे. एकदा चालवून तरी बघा, म्हणाली. नको. उगाच स्प्रिंग सैल होते.

१२ मे
बाळा आला. भावोजी, स्टेशन समुद्रापलीकडे का? सांगितलं. तो जिन्यावर बसून पुष्कळ वेळ हसला. रेल्वेवाल्यांना समुद्राची माहिती कमीच.
गाडी मुंबईहून वेळेवर सुटली. डोंगर ओलांडला. रत्नागिरी गाठली. वळली नाही. सरळ परातीत. मी धावलो, तर बाळा म्हणतो, अडवू नका भावोजी, माणसं घ्यायला स्टेशनात चाललीय.
मथुरेने इंजिन काढून पदराने पुसलं, समुद्र खिडकीतून ओतला आणि परात घेऊन खाली गेली.

२० मे
बाळा मोसमातल्या शेवटच्या बोटीने गेला. समुद्र खवळलेला. खलाशाने पाठुंगळीला मारून पडावात टाकला, तरी कमरेपर्यंत भिजला. मी हसलो नाही, असं मथुरेला सांगितलं.

२१ मे
पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे नियमाप्रमाणे माझी रेल्वेही बंद. नारळी पौर्णिमेनंतर सुरू. प्लॅन नंबर आठ डोक्यात तयार आहे.
तोवर माडीभर पेंढा आणि आंबे. ते उलटायची ड्यूटी माझी. आंब्यांखाली मथुरेने जुने सातही प्लॅन अंथरलेत. कागद जाड आहे, आंबा छान पिकतो, म्हणाली.
प्लॅनमध्ये दम होता, हे शेवटी तिनेही मान्य केलं.