माहेरचा घास

सॅन होजे,
११ जून २०२५

ती. लवूदादास,
दुर्गाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडले तर इथले शेजारी पोलीस बोलावतील, म्हणून हे पत्र. राजस पत्राचा फोटो पाठवेल, तुझी नात आकांक्षा तो मोठा करून दाखवेल.

राजस पुढच्या आठवड्यात मला हवाईला नेतोय. तिथे लुआऊ म्हणून समुद्रकाठी मोठं जेवण असतं. गाणी, नाच, गळ्यात फुलांच्या माळा आणि जमिनीत खड्डा करून भाजलेलं डुक्कर. गेल्या वर्षी यांनी ते फोनवर बघितलं आणि म्हणाले, ही तर आमच्या अलिबागच्या मडक्यात भाजलेल्या पोपटीची थोरली बहीण, जायचंच! बापलेकांनी तेव्हाच ठरवून टाकलं. ऑक्टोबरात हे गेले. आता राजस म्हणतो, बाबांसाठी तरी जाऊया.

माझा पाय निघत नाही रे. वर्षही झालं नाही अजून. तेराव्यानंतर तू मला जेवायला नेऊन तोंड गोड करणार होतास, तर तुझाच खुबा मोडला आणि तू खाटेला खिळलास. दुखवटा माहेरच्यानेच काढायचा. म्हणून ठाकूरद्वारला घरी होते तोवर मी कुणाच्या बारशालासुद्धा गेले नाही, गोडाला हात लावला नाही. आणि आता थेट नाचगाण्यात जाऊन बसू? नाही म्हणावं तर पोराचं तोंड एवढंसं होतं. तू सांगशील तसं करीन.

तब्येत खरी खरी कळव. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
दुर्गा

घोडपदेव,
१४ जून २०२५

चि. दुर्गास,
अनेक आशीर्वाद.

नावामागे गं. भा. लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतंच दुर्गा.

गो बाय, जा तू. लहानपणीही जत्रेला आधी नको नको म्हणायचीस आणि मग सगळ्यांच्या पुढे पळायचीस. दर्शना सूनबाई म्हणते, वर्ष व्हायच्या आत कशाला? मी म्हटलं, भावाकडून राहून गेलं त्याची शिक्षा बहिणीला का?

त्या दिवशी मी इथे तुझ्या नावाचं पान मांडतो. दर्शनाला शिरा करायला सांगितलाय. तू तिथे जे काय गोड असेल त्याचा पहिला घास माझं नाव घेऊन खा. दुखवटा निघाला असं समज. डुकराचं तुझं तू बघ. आईला कळतं तर तिने चिमट्याने हाणलं असतं.

खरं म्हणजे, परत आल्यावर इथेच जेव, असं सांगणार होतो. पण छातीत पुन्हा पाणी झालंय. डॉक्टर माझ्याशी बोलत नाहीत, निलेशला बाहेर घेऊन जातात. पोरगा आत येतो तो हसतच येतो. त्यावरून काय ते समजतं. म्हणून ही घाई.

राजसला आशीर्वाद. म्हाताऱ्यावरचा लोभ कमी करू नकोस.

तुझा,
लवूदादा

माउई, हवाई,
२० जून २०२५

ती. लवूदादास,
शि. सा. न. वि. वि.

काल लुआऊला जाऊन आले. दारातच एका मुलीने गळ्यात माळ घातली आणि मी दचकून मागे सरले. यांच्या फोटोला घातलेला हार डोळ्यांसमोर आला. मग तिथल्या लोकांनी लग्न झालेल्या जोडप्यांना नाचायला बोलावलं. मी समुद्राकडे बघत बसले.

पानात खोबऱ्याच्या वडीसारखं पांढरं, मऊ गोड होतं. तुझं नाव घेऊन उचलणार, तर राजसने त्याची वडी अलगद बाजूला सारलेली दिसली. विचारलं तर आधी काही नाही म्हणाला. फारच खोदल्यावर बोलला. बाबा गेल्यापासून त्याने गोड खाल्लेलंच नाही. व्हिसाच्या भानगडीत येता आलं नाही. बापाची शेवटची आंघोळ फोनवर बघितली आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेला. त्याला कोण जेवायला बोलावणार इथे?

दादा, आठ महिने मी माझा दुखवटा, माझा दुखवटा करत बसले. ज्याचा बाप गेला, त्याचं तोंड गोड करायचं कुणाला सुचलंच नाही. मेलं माझं लक्ष कुठे होतं!

तुझ्या नावाचा तो घास मी त्याला भरवला. एवढा मोठा घोडा, भरल्या पंगतीत हमसून हमसून रडला. ढोल वाजत होते म्हणून बरं.

रागावू नकोस. मी काही खाल्लं नाही. माझा घास तुझ्याच हातून राहिलाय, तो तसाच असू दे. तीन तारखेला मी मुंबईत आहे, विमानतळावरून थेट घोडपदेवला येते.

शिरा नको, साखर पुरे. तेवढा थांब रे दादा.

तुझी,
दुर्गा