चाळीस जणांचा गृहपाठ

सोमवार, १० मार्च

शिवम्मा, चष्मा तुझ्या डोक्यावरच आहे. आणि सापडून तरी काय करणार आहेस? वाचणार तुझी सून सुंदरम्मा. तुझं काम नुसतं ऐकायचं आणि ऐकलेलं संध्याकाळपर्यंत डोक्यात ठेवायचं. तेवढंही तुला जमत नाही, म्हणून हा खटाटोप. महिनाभर सांगतेय की मी सोलापूरला नातवाकडं, बसवेशकडं राहायला चालले. आणि आज सकाळी मला सोडायला स्टँडवर आलीस तर विचारतेस, अक्का, कुठं निघालीस? निघालेल्याला कुठं म्हणून विचारू नये, हेही विसरलीस.

तर आता रोजचं रोज लिहून सुंदरम्माच्या फोनवर पाठवणार. अक्षर तुला येत नाही, मलाही येत नाही. पण नातसून महेश्वरीनं फोनमध्ये असं काही करून दिलंय की मी बोलते, तो लिहितो आणि लगेच तिकडं पाठवतो. तारीखही तोच घालतो. मी थांबले की आडवी रेघ मारतो. एवढा आज्ञाधारक मला आयुष्यात कुणी भेटला नव्हता.

घर सात रस्त्याच्या मागं, तिसऱ्या मजल्यावर. फरशी इतकी पांढरी की थुंकायचीसुद्धा चोरी. मी आणलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी बसवेशनं उभ्याउभ्या कडाकडा मोडून खाल्ली. महेश्वरी लांबून बघत होती, जसं काही तो कौलं खातोय.

आणि जिच्यासाठी पोरानं पुण्याची नोकरी सोडली, ती शाळा पाहिली. शाळेला फळा नाही, घंटा नाही, पोरंही नाहीत. पोरं म्हणे आपापल्या घरी बसून कॉम्प्युटरातल्या चौकोनातून तोंडं दाखवणार, आणि हा त्यांना चित्रं हलवायला शिकवणार. पाडव्याला उद्घाटन. मी विचारलं, हलवून पुढं काय? तर म्हणाला, पुढं लई स्कोप आहे, अज्जी. तो स्कोप कुठल्या दुकानात मिळतो ते अजून कळलं नाही. पण पोरगं खूश आहे, खोलीला वारा आहे, आणि मला स्वतंत्र खाट आहे. मी सुखात आहे.

बुधवार, १२ मार्च

आज बसवेशनं धंद्याचं गुपित सांगितलं. चित्र हलत नसतंच म्हणे, आपल्याला हलल्यासारखं वाटतं. एका सेकंदाला चोवीस चित्रं लागतात. नुसता हात उचलून तांब्या घ्यायचा तर पन्नास. मी म्हटलं, तुझ्या अज्जानं जन्मात स्वतःचा तांब्या उचलला नाही, त्यांना एकही लागलं नसतं. मी हसले, तो हसला नाही. विचारात पडला. पहिल्या धड्यांना त्याला एक म्हातारा माणूस हवाच होता. घरचाच का नको?

अडचण अशी की तुझ्या दाजींचा पूर्ण अंगाचा फोटो एकच, मातीच्या दिवशीचा. तुला आठवत नसेल म्हणून सांगते. आपल्यात मेलेल्याला आडवं करत नाहीत, बसवतात, आणि बसलेलाच पुरतात. कपाळभर भस्म, गळ्यात हार, डोळे मिटलेले, मागं आपण सगळे रडके चेहरे करून. तू तिथंही भलतीकडंच बघतेयस. तेव्हा मी तुझ्या कानात म्हटलं होतं, पुढ्यात ताट नसताना बसलेले मी यांना पहिल्यांदाच बघतेय. तू फस्सकन हसलीस आणि पदर तोंडाला लावून रडल्याचं सोंग केलंस.

खरंच होतं ते. माणूस जेवायलाच तेवढा बसायचा. तेही तव्यावरची मऊ भाकरी असली तर. कडक भाकरी दिसली की उभ्यानंच शिव्या. एरवी दिवसभर पाठीवर हात बांधून घरातनं फेऱ्या, आणि ह्याच्यात खोट काढ, त्याच्यात खोट काढ.

बसवेशचा तेव्हा बारावीचा पेपर होता, म्हणून त्याला माती झाल्यावर कळवलं. त्यानं अज्जाला बसलेला पाहिलाच नाही. म्हणून त्याला काही वाटत नसावं. संध्याकाळी त्यानं दाखवलं. मागचे आपण सगळे पुसून टाकले होते. हार काढला होता. आणि डोळे उघडले होते.

मी म्हटलं, मिटलेले बरे दिसत होते. ती दोघं हसली. मीही हसले. हे लक्षात ठेव शिवम्मा, मीही हसले.

शनिवार, १५ मार्च

आज मी नटी झाले. अज्जा उठायचे कसे, चालायचे कसे, बसवेशला माहीत नव्हतं. मी करून दाखवलं. आधी डावा गुडघा वर. मग उजवा पंजा जमिनीवर, त्यांचं मधलं बोट कडबा कुट्टीत अर्धं गेलेलं म्हणून माझं दुमडून. मग एक खाकरा, जसं काही उठून गावावर उपकार करतायत. मग पाठीवर हात आणि डावा पाय फरफटत फेरी. महेश्वरीनं सगळं फोनवर घेतलं. पन्नास वर्षं त्या पावलांच्या मागं चालले, चुकणार कशी?

पाच धडे आहेत. श्वास, गुडघा, उभं राहणं, चालणं. पाचवा तो सांगत नाही, मला चकित करायचंय म्हणे. पाडव्याआधी चाळीस पोरांना फुकट शिकवून बघणार. कुणी नागपूरचा, कुणी दुबईची. सगळ्यांना हाच अज्जा पाठवला. प्रत्येकानं आपापल्या घरी त्याला उठवायचा आणि गृहपाठ परत पाठवायचा.

म्हणजे चाळीस घरांत चाळीस. मला एकानं काय कमी केलं होतं!

मंगळवार, १८ मार्च

पहिला गृहपाठ आला. नुसता श्वास घ्यायचा होता. एकाचा अज्जा बेडकासारखा फुगतो. एकाचं पोटच हलतं. एका आळशानं काहीच केलं नव्हतं, तो अज्जा नुसता बसलेला. मी म्हटलं, पैकीच्या पैकी ह्याला द्या.

दुपारी ती दोघं बँकेत गेली होती. कॉम्प्युटर बंद. मी खाटेवर पडले होते, तर हॉलच्या कोपऱ्यातनं श्वासाचा आवाज. एक नव्हे, पुष्कळ, एकाला एक न जुळणारे. फ्रिज असेल म्हणून उठून बटण बंद केलं.

फ्रिज गप्प झाला.

ह्या नव्या घरांच्या भिंती पातळ असतात.

गुरुवार, २० मार्च

महेश्वरीला आज झापलं. पांढऱ्या फरशीवर काळी माती, आणि बाईसाहेब फोनवर पोरांचे प्रवेश घेतायत. ती म्हणाली, अज्जी, तिसऱ्या मजल्यावर काळी माती येईल कुठनं? पुसायला वाकले तर तो पंजाचा ठसा होता. उजवा. मधलं बोट अर्धं.

सोफ्याजवळ दुसरा होता. त्याला बोटं सहा.

मी दोन्ही पुसले. संध्याकाळी बसवेश दुसऱ्या धड्याचे गृहपाठ बघून खो-खो हसत होता. दुबईच्या पोरीनं अज्जाला सहा बोटं काढली होती. मला बोलावून दाखवलं.

मी हसले नाही.

शुक्रवार, २१ मार्च

शिवम्मा, मळ्यात जा आणि दाजींना पुरलं ती जागा बघून ये. चिंचेखालची. कुणाला काही सांगू नकोस. पदराला गाठ मार म्हणजे आठवण राहील. गाठ कशाची ते सुंदरम्माला विचार.

शनिवार, २२ मार्च

मळ्यात गेलीस आणि पदरभर चिंचा वेचून परत आलीस! धन्य आहे. जागा ती चिंचेखालीच होती ना गं.

शेवटी चन्नप्पा गेला. माझ्या दिराला निदान डोळे आहेत. त्यानं फोन केला. म्हणाला, वैनी, माती हातभर खाली बसलीया, घुशीचं काम असंल. घूस माती उकरून वर टाकते, शिवम्मा. वरची माती खाली कधी जाते? आतलं काही निघून गेल्यावर.

सोमवार, २४ मार्च

आज तिसरा धडा. उभं राहणं.

दुपारचे तीन. लख्ख ऊन. मी हॉलमध्ये शेंगा फोडत होते. वर बघितलं तर खिडकीपाशी पाठमोरे. धोतर, पाठीवर हात. दाराशी दुसरे. कोपऱ्यात आणखी, एकात एक मिसळलेले. एकाला मान लावायची पोरं विसरली होती. डोकं वर होतं, पण मधे काही नव्हतं.

मी शेंगा फोडत राहिले. मान वर केली नाही. भ्यायले असं त्यांना दिसू द्यायचं नव्हतं. हयातीत दिलं नाही, आता कशाला.

मंगळवार, २५ मार्च

बसवेशला सगळं सांगितलं. आधी हसला, मग चिडला. म्हणाला, अज्जी, तुला माझी शाळा नकोच आहे. महेश्वरी रडली. मी म्हटलं, शाळा घाल की, पण त्यांना आधी खाली बसव. माझ्या समाधानासाठी त्यानं चित्र उलटं चालवलं. अज्जा बसला. मला बरं वाटलं. मग चित्र संपलं आणि परत सुरुवातीपासून लागलं. अज्जा उठला. ते तसंच फिरत राहतं म्हणे, कायम.

आणि रुसवा काढायला त्यानं पाचवा धडा सांगून टाकला. अज्जा येतो, अज्जीचा हात धरतो, आणि दोघं दारातनं बाहेर चालत जातात. मी नटी झाले होते त्या व्हिडिओवरनं मलाही काढलंय. चाळीस पोरं शनिवारपर्यंत करून देणार, पाडव्याला सगळ्यांना दाखवणार.

पोरगं प्रेमानं करतंय गं. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. पन्नास वर्षांत ज्यानं हात धरला नाही, तो धरून मला कुठं नेणार आहे, हे ह्याला मी कसं सांगू?

गुरुवार, २७ मार्च

चालतायत. दिवसाढवळ्या. सगळ्यांचा डावा पाय फरफटतो — मीच शिकवला. एक नुसता घसरतो, पाय हलतच नाहीत. एक भिंतीत जातो आणि परत येतो.

महेश्वरीनं विचारलं, अज्जी, खोकला झालाय का, सारखं खाकरताय. मी नाही खाकरले.

आता पाठमोरे नाहीत. माझ्याकडं बघतात — ते डोळे — मिटलेले बरे होते.

शुक्रवार, २८ मार्च

सापडलं! शिवम्मा, ऐक. माझं मीच बोलले होते, त्या दिवशी तुझ्या कानात. हा माणूस जेवायलाच बसतो.

गावाहून आणलेलं ज्वारीचं पीठ थोडं उरलं होतं. गॅसवर भाकरी टाकली. गरम, मऊ, पापुद्रा सुटलेली. ताट वाढून कोपऱ्यात ठेवलं. सहा बोटांचा आला. बसला. भाकरी तशीच राहिली, पण त्यानं डोळे मिटले — आणि मग तिथं कुणी नव्हतं. फरशीवर चिमूटभर भस्म.

पिठात एकूण चार भाकऱ्या झाल्या. चार बसले. महेश्वरीची चपाती ठेवून बघितली, ताटाला पाय लावला मेल्यांनी. खोड गेली नाही.

पीठ संपलं. बसवेशला आणायला सांगितलंय. उरले छत्तीस. उद्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे.

शनिवार, २९ मार्च

दोघं बाहेर, उद्याच्या तयारीला. पीठ विसरला — तुझ्याच रक्ताचा. फोनही उचलत नाही.

छत्तीस. ओट्यापुढं, दारापुढं. हात पाठीवर नाहीत आज — हात पुढं —

कॉम्प्युटर टिंग म्हणाला. पाचव्या धड्याचा पहिला गृहपाठ आला.

उजवं मनगट गार —

परत टिंग. दुसरा —

खाटेवरून उठले नव्हते मी. उठले नव्हते, शिवम्मा. आता उभी आहे. पाय माझे, पण पाऊल — कुणी पोर काढतंय माझं पाऊल —

तू स्टँडवर विचारलंस ना, कुठं निघालीस —

टिंग —

सुंदरम्मा, तिला हलवून सांग. तीनदा सांग, विसरेल ती. चन्नप्पाला म्हणावं, आत्ता गाडी काढ. भाकऱ्या छत्तीस. कडक नको, कडकला बसत नाहीत ते. ज्वारीच्या, मऊ, तव्यावरनं काढून थेट फडक्यात गुंडाळून, वाटेत गार होऊ देऊ नका — वर लोणी — माझी एक धरू नकोस — छत्तीसच, आणि गरम, नाहीतर ते —