पंधरा नंबरचं चाक

बाबा, तुमच्या ट्रॉलीचं डावं चाक गेलं. बार्शीटाकळीच्या रस्त्याने वांग्यांनी भरलेले कट्टे घेऊन निघाले होते. तुमचे जावई गेल्यापासून ट्रॅक्टर मीच चालवते. टायर फाटल्याचं कळेपर्यंत थोडी पुढे गेले, तेवढ्यात आतली लोखंडी डिस्कही दुमडली. अकोल्याच्या भंगारात दोन दिवस फिरले. तसलं चाक कोणाकडेच नाही. एकाने तर सरळ सांगितलं, "बाई, हे गाडीच बंद झाली, चाक कुठून भेटन?" शेवटी कोणीतरी अमरावतीचा एक जुना मिस्त्री सांगितला. तो फोनवर म्हणाला, दोन्ही चाकं घेऊन या, म्हणजे जोड लावून देतो. आजवर दोन्ही चाकं एकदम कधी कोणत्या दुकानात गेलीच नव्हती. एक टायर झिजला की तेवढाच न्यायचा आणि त्याच्यासारखाच आणायचा, असंच चालत आलं.

तुम्ही ही ट्रॉली जोडली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. चौथीनंतर शाळा सुटली होती, पण टोपल्यांत अंथरायला आणलेले पेपर मी वाचत बसायची आणि तुम्ही ओरडायचे, "भाजी निवडून घे आधी, मंग वाच." वेल्डिंगवाल्याच्या दुकानात बसून सांगाडा तुम्ही स्वतः उभा केला. एक चाक अकोल्यात मिळालं, दुसऱ्यासाठी आपण अमरावतीला गेलो. पहिल्या चाकाचा नंबर कोणाकडून तरी चिठ्ठीवर लिहून घेतला होता. चाकांच्या ढिगापाशी उभे राहून तुम्ही भंगारवाल्याला सांगत होते, "तू नको सांगू. माही पोरगी वाचते. पेपर वाचते पोरगी." घरात मला रागावणारे तुम्ही, तिथे चार अनोळखी माणसांत असं बोलत होते. आणि चिठ्ठीवरचे आकडे इंग्रजी होते. मला मराठीच यायचे. पहिली उभी रेघ सारखी होती, दुसऱ्या आकड्याला चिठ्ठीवरही पोट होतं आणि चाकावरही, चाकावरच्यावर गंज चढलेला. तुम्ही विचारलं, "पाह्य बरं, हेच हाय का वं?" मी म्हटलं, "हेच हाय बाबा."

परत येताना तुम्ही मला गोष्टींचं एक पुस्तक घेऊन दिलं. आपल्या घरात आलेलं ते पहिलं पुस्तक.

ट्रॉली पहिल्या दिवसापासून डावीकडे कलायची आणि डावीकडेच ओढायची. तुम्ही दोनदा वेल्डिंग तोडून परत केलं. स्प्रिंगच्या पाट्याखाली पट्टी घातली. मग भरायची रीतच ठरली, कोहळे-भोपळे उजवीकडे, मेथी-पालक डावीकडे. कोणी हसलं तर तुम्ही म्हणायचे, "माहाच हात वाकडा बसला." पुढे तुम्ही कोणाचं काही जोडायला गेले नाही. बोलावलं तरी नाही. तुमचे जावईसुद्धा तसंच भरायचे, मीही तसंच भरते.

परवा अमरावतीत मिस्त्रीने दोन्ही चाकं शेजारी उभी केली, पुसली आणि हसायलाच लागला. "काकू, हा जोडच नाही ना! हे दुमडलेलं पंधरा, हे सोळा. कोन्या शायन्यानं बसवले?" दुकानातली माणसं वळून बघायला लागली. माझ्या पिशवीत ग्रंथालयाचं पुस्तक होतं. इंग्रजी आकडे मला येऊन कितीतरी वर्षं झाली. एकदा चाकापाशी वाकले असते तर दिसलं असतं. तुम्ही होते तेव्हाही दिसलं असतं. मी कधी वाकले नाही.

मी म्हटलं, "आमच्या बाबानं."

"बुढ्याले दिसत नव्हतं वाटते," तो म्हणाला.

त्याने चहा मागवला, तो मी प्याले.

आता अशी डिस्क मिळणार नाही. एक्सल कापून टाकायचा आणि नवीन, सारख्या चाकांचा बसवायचा, एवढंच उरलं आहे. तुम्ही बसवलेला, सरळ असलेला एक्सल. मिस्त्रीने दोरी लावून मोजला. म्हणाला, "काम मात्र पक्कं हाय बुढ्याचं, सुताचाही फरक नाही." हे ऐकायला तुम्ही पाहिजे होते. उद्या कापायला माणूस येणार आहे. ट्रॉली अंगणात विटांवर उभी आहे, आणि पहिल्यांदाच कलत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. तुम्ही असते तरी तुम्हाला वाचता येत नव्हतं. मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि चिठ्ठीवरच्या आकड्यांच्या ओळीपाशी येऊन मी दुसरंच काहीतरी वाचलं असतं.