चौथी पुडी

ताडकळस,
११ डिसेंबर

प्रिय नागनाथ,

पाकीट जाड लागलं म्हणून घाबरू नकोस, आत कोर्टाचे कागद नाहीत. चार पुड्या आहेत, प्रत्येकीवर आकडा घातलाय आणि प्रत्येकीत रंध्याखाली निघालेल्या लाकडाच्या पातळ ढलप्या आहेत. तू फोनवर येत नाहीस. महारुद्र सांगतो की लकव्यानंतर जीभ अडखळते म्हणून बाबा कुणाशीच बोलत नाहीत. बरं, नको बोलूस. पण नाकाला तर लकवा झाला नाही ना? एकेक पुडी उघड, वास घे आणि लाकडाचं नाव डाव्या हातानं लिहून पाठव. अक्षर वाकडं आलं तरी चालेल, तहसिलीत तीस वर्षं मी साहेब लोकांच्या सह्या वाचल्या आहेत. चौथी पुडी मात्र मी सांगेपर्यंत उघडू नकोस. मुलाच्या तोंडून दर फोनला तू एकच विचारतोस, दुकानाचं दार फुगलं का, आणि मी दर वेळी नाही म्हणतो. त्याबद्दल शेवटी लिहिणार आहे.

तू लातूरला मुलाकडे निघालास त्या दिवशी हत्यारांची पेटी माझ्या ओसरीवर ठेवलीस आणि लाकडाचं नाव काढू नको अशी हातानं खूण केलीस. मला फार वाईट वाटलं होतं. पेटीला तेल लावून ठेवायचं, एवढंच मी ठरवलं होतं. पण जूनमध्ये माणिकरावाचं मातीचं माळवद उतरवायला घेतलं, स्लॅब टाकायचा म्हणून. मी नुसता बघायला गेलो. अंगणात काळ्याभोर तुळया पडलेल्या आणि त्याची बायको कडूबाई त्यातलीच एक फोडून बंबात घालत होती. मी विचारलं, ही नेऊ का? माणिकराव म्हणाला, "न्या की भाऊसाहेब, आमी तर जाळायलोत." हातगाड्यावर घालून तीन खेपा केल्या. सविता दारात उभी राहून बघत होती. तिला वाटलं, रिटायर झाल्यावर माणसाचं असंच होतं.

पहिली पुडी त्या तुळईची. वरून कोळसा दिसते, पण रंधा मारला की आतून लालसर निघते आणि नाकात तिखट काहीतरी जातं. बाभूळ म्हणावं तर इतकी लांब, इतकी सरळ बाभूळ असते का? आणि एक गंमत सांगतो. तुळईच्या टोकाला पटाशीनं मारलेल्या तीन खाचा होत्या. दुसरीवर पाच. मी दोन दिवस त्यावर डोकं खाजवत होतो. मग खांबांचे माथे पुसले तर तिथेही तीन, तिथेही पाच! म्हणजे खाली जमिनीवर जोड बसवून बघायचा, खुणा करायच्या आणि मग त्याच जोडीनं वर चढवायचं. कुणी केलं असेल ते, नाव नाही, गाव नाही, पण त्या माणसाशी माझी ओळख झाल्यासारखं वाटलं. तूही असं करायचास का रे? चाळीस वर्षं तुझ्या दुकानात बसून चहा प्यालो आणि हे कधी विचारलं नाही.

दुसरी पुडी सेंट्रिंगच्या टाकलेल्या फळीची. आता गावात कुठेही स्लॅब पडला की मी तिसऱ्या आठवड्यात हजर असतो. लोकांना सवय झाली आहे, पण विचारल्याशिवाय खिळासुद्धा उचलत नाही. या फळीला सिमेंटशिवाय कसलाच वास येत नाही, तुला येतो का बघ. हिच्यापायीच एक कबुली द्यायची आहे. आत मोडका खिळा होता आणि तुझ्या लांब रंध्याच्या पात्याला दाता पडला. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पातं घासून आणलंय, आणि आता जुन्या स्पीकरातलं लोहचुंबक फिरवल्याशिवाय एकाही फळीला हात लावत नाही.

तिसऱ्या पुडीची कथा तू हसावंस म्हणून लिहितो. पोखर्णीला सविताच्या चुलतभावाचं जुनं घर पाडलं, तिथून उंबरा आणला. असं तुकतुकीत लाकूड की सोडवेना. त्याचे दोन पाट केले. दिवाळीनंतर आपल्या ईश्वरीचे सासरे, दिनकरराव, जेवायला आले. त्यांना त्यावर बसवलं, त्यांनी पहिला घास घेतला आणि मी मोठ्या कौतुकानं सांगितलं की हा पोखर्णीचा उंबरा बरं का. व्याही जे उठले ते ताट घेऊनच! नरसिंहानं हिरण्यकश्यपूला मांडीवर घेऊन मारलं ते उंबऱ्यावर, म्हणून आपल्यात उंबऱ्यावर कुणी बसत नाही, त्यात पोखर्णीचा नरसिंह त्यांचं कुलदैवत. ते शेवटपर्यंत खाली फरशीवर बसून जेवले. सविता आत येऊन मला म्हणाली, "लाकूड तर कळतच न्हाई तुमाला, देवबी कळंना का?" एक पाट आता देवघरात आहे, देवांच्या खाली. दुसऱ्याचं काय करावं ते तू सांग. तू इथे असतास तर करवत लागायच्या आधीच ओरडला असतास.

आता चौथी पुडी उघड. आधी वास घे, मगच पुढे वाच. ओळखलंस ना? तुझ्या दुकानाचं दार आहे, नागनाथा. ऑगस्टमध्ये जागामालकानं दुकान पाडलं, नवे गाळे काढायला. महारुद्रनं हात जोडून सांगितलं की बाबा खचतील, कळवू नका, आणि मी चार महिने तुझ्याशी खोटं बोललो. त्याची मला लाज वाटते, म्हणून हे पत्र. पाडायच्या आदल्या दिवशी तुझीच पटाशी घेऊन मी गेलो, मालकाला विचारलं आणि दार, चौकट, कामाचं मेज सगळं सोडवून आणलं. चौकटीच्या सांध्यांवर तुझ्याही खाचा निघाल्या, एक, दोन, तीन, चार. त्या होत्या म्हणूनच मला ती परत जोडता आली. परसात शेड उभी केली आहे: माणिकरावाच्या तुळया, सेंट्रिंगच्या फळ्या आणि पुढे तुझं दार. ते फुगलंच होतं. खालची कड रंधावी लागली, त्याच या ढलप्या. मेजाचे पाय कापून खाली घेतलंय, बसून डाव्या हातानं काम करता येईल असं. तुझ्या चौकटीच्या उंबऱ्याचं मात्र या वेळी मी काहीच केलं नाही, तो उंबराच ठेवला. सवितानं हळदकुंकू वाहिलं आणि बजावलं की ज्याचं दुकान तो आधी आत जाईल. तेव्हापासून तो कुणी ओलांडलेला नाही. मागची भिंत मी घातलेली नाही, तिकडूनच ये-जा करतो. थंडी वाढली आहे आणि मागून वारा फार येतो. तू ये, मग भिंत घालू.

तुझाच,
उद्धव