टगबोटीचा नेमका हिरवा

४ जानेवारी, सकाळी
आजपासून रोजनिशी. अठ्ठावीस वर्षांनी पुन्हा मॉडेल बनवायला घेतोय, तेव्हा कामाला शिस्त हवी.

कारण असं. काल बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. काचबिंदू. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की उजवा डोळा गेल्यातच जमा आहे आणि डावा फार तर चार-सहा महिने साथ देईल. त्यांना जे दाखवायचंय ते आत्ताच दाखवून घ्या, म्हणाल्या. घरी येताना गाडीत बाबांनी विचारलं, तुझा तो बोटी बनवायचा नाद सुटला का रे. मी म्हटलं, सुटला कुठे, जरा थांबलाय. मग म्हणाले, आमची बोट एकदा बघायला मिळाली असती तर बरं झालं असतं.

आमची बोट म्हणजे बंदरातली टगबोट. मोठाल्या जहाजांना ओढून धक्क्याला लावायची. बाबा तिच्या इंजिनावर एकतीस वर्षं होते. ती भंगारात जाऊनही जमाना झाला. फोटो एकच, तोही काळा-पांढरा, आणि त्यात बोटीपेक्षा बाबांचे सहकारीच जास्त.

मी शब्द दिलाय. मार्चअखेर बोट तयार. काळ्या दगडावरची रेघ.

६ जानेवारी
मॉडेलच्या दुकानात जाऊन आलो. अगदी तीच बोट मिळणार नव्हतीच, पण बांधणी जवळजवळ तशीच असलेली एक टगबोट मिळाली. दोनशे चौदा तुकडे. धुराडं जरा बुटकं आहे, ते मी वाढवीन.

दुकानदाराने विचारलं, हत्यारं काय आहेत. मी खरं ते सांगितलं: नेलकटर, दाढीचं ब्लेड आणि एक ब्रश. तो म्हणाला, एक चांगला कटर, एक कानस, चिमटा, गोंद, दोन ब्रश आणि तीन रंग घ्या, आणि सरळ बोट बनवायला बसा. मला नवशिक्या समजला. शाळेत माझ्या विमानाला दुसरं बक्षीस मिळालं होतं. स्पर्धेत आम्ही दोघंच होतो, पण तो मुद्दा नाही.

फक्त किट घेतलं. हत्यारं अभ्यास करून घेणार.

१३ जानेवारी
कटर तीन आणले. किटमधले तुकडे प्लास्टिकच्या फ्रेमला जोडलेले येतात; तिथून तुकडा कापला की त्यावर पांढरा डाग राहतो. पहिल्या कटरने मोठा राहतो, दुसऱ्याने लहान, तिसऱ्याने दुसऱ्याइतकाच. व्हर्नियरने मोजून तक्ता केला. ही कापाकापी फ्रेमच्या रिकाम्या दांड्यांवर केली, तुकड्यांना हात लावलेला नाही.

बावीस वर्षं मी वजनमापं तपासणारा निरीक्षक आहे. लोकांच्या तराजूत केसाएवढा फरक सोडत नाही, तर घरच्या बोटीत सोडीन होय.

१८ जानेवारी, रविवार
रंगाचा प्रश्न हाती घेतला. बाबांना विचारलं, बोटीचा रंग कोणता. हिरवा म्हणाले. कसला हिरवा, तर बोटीचा हिरवा. अशा साक्षीवर काय काम करणार?

जाणकार लोक रंगाची परीक्षा प्लास्टिकच्या चमच्यावर करतात. चमच्याला फुगवटा असतो, त्यामुळे बोटीच्या पोटावर रंग कसा दिसेल ते कळतं. शंभर चमच्यांचं पाकीट आणलं, पाच रंगवले, मागे नंबर टाकले. बाबांना खिडकीशी बसवून दाखवले. चमचा डोळ्याला टेकेल इतका जवळ धरून, मान तिरकी करून त्यांनी बघितलं आणि तीन नंबरला म्हणाले, हाच.

पण एकदा घेतलेलं माप म्हणजे माप नव्हे. तासाभराने क्रम बदलून पुन्हा दाखवले. आता पाच नंबरला म्हणाले, हापण चालेल. साक्षीदार भरवशाचा नाही. शोध चालू ठेवावा लागणार.

३ फेब्रुवारी
पाण्यात मिसळणारा रंग घ्यावा की थिनरवाला? व्हिडिओ पाहिले. एक तज्ज्ञ दुसऱ्याला मूर्ख म्हणतो, तिसरा दोघांना. दोन्ही घेतले. रंग फवारणारा एअरब्रशही घेतला आणि त्याला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर. बायको म्हणते, निजायच्या खोलीत ट्रक चालू करून ठेवलाय.

१४ फेब्रुवारी
बायकोने विचारलं, किती तुकडे चिकटवून झाले. एकही नाही. पण तो प्रश्नच चुकीचा आहे. पाया पक्का होतोय.

ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. म्हणाली, आम्हीही रंग जुळवतो, पेशंटच्या दाताशी पट्टी धरायची, जवळात जवळची उचलायची, दोन मिनिटांचं काम, लोक काय तोंड उघडून वर्षभर बसतात का? रविवारी मी माझ्या कानशी घेऊन बसते, म्हणाली, दोन रविवारांत बोट उभी करते. मी स्पष्ट नाही म्हटलं. कवळीची हत्यारं बोटीला? शिवाय शब्द मी दिलाय, तिने नाही.

मग तिने सांगितलं, की मी ऑफिसला गेल्यावर बाबा रोज तिला विचारतात, कुठवर आलं. मला का नाही विचारत? बहुधा माझी एकाग्रता मोडू नये म्हणून.

२७ फेब्रुवारी
धक्का. आज जेवताना बाबा सहज बोलून गेले, की बोटीला ठरलेला असा रंगच नव्हता. दर वर्षी गोदामात उरलेले डबे एकत्र ओतायचे, ढवळायचे आणि फासायचे. कधी काळपट, कधी पिवळट. तू कोणताही लाव रे, म्हणाले.

बायको माझ्याकडे बघत राहिली. मी लक्ष दिलं नाही. विचार केला आणि वाट सापडली. बाबांना विचारलं, तुम्हाला कोणत्या वर्षीची बोट बघायचीय? ते म्हणाले, तू आला होतास त्या वर्षीची. सहा वर्षांचा होतास, भोंगा वाजला तसा भोकाड पसरलंस, मग मी तुला इंजिनरूममध्ये मांडीवर घेऊन बसलो.

मला रडल्याचं आठवत नाही. रंगही आठवत नाही. पण साल नक्की झालं, म्हणजे काम उलट सोपं झालं.

१९ मार्च
आठ दिवस रजा टाकली. काम झपाट्याने. पण दुकानदाराकडून कळलं, की पिवळ्या दिव्याखाली हिरवा फसवतो, दिवसाच्या उजेडासारखा दिवा हवा. आणला. लावून बघतो तर काय, एकतीसच्या एकतीस चमचे वेगळेच दिसायला लागले. सगळे रद्द. पुन्हा पहिल्यापासून, नवे नंबर.

बरं झालं, आधी बोट रंगवली नाही.

३१ मार्च
मुदत संपली. एक महिना वाढवून दिली. सरकारी कामातही देतात.

आजवरची प्रगती: टेबल तयार. हत्यारं उंचीप्रमाणे टांगली. चिमटे सात. रंगांच्या बाटल्या फिक्यापासून गडदपर्यंत. बायको म्हणाली, ऑपरेशन थिएटर झकास झालंय, पेशंट कधी येणार?

१२ एप्रिल
सकाळी बाबांनी चहाचा कप टेबलावर ठेवला, तो टेबलाच्या बाहेर. फुटला. बायको आली, तर माझ्या हातून पडला असं मी सांगून टाकलं.

वेग वाढवला पाहिजे. आता रोज एक चमचा.

२५ एप्रिल
आज बाबांच्या तपासणीची तारीख होती. पुढे ढकलली. सकाळीच चमच्यांवर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर, मारला होता, तो सुकल्यावर आजच रंग दिला नाही तर अख्खा दिवस फुकट. तपासणी काय, पुढच्या महिन्यातही होते.

एक चांगली गोष्ट. बाबांचा निर्णय हल्ली पटकन होतो. पूर्वी चमचा फिरवून फिरवून बघायचे, आता हातात दिला की लगेच सांगतात. सवयीने नजर तयार होते ती अशी.

९ मे, शनिवार
बांधणीचा शुभारंभ. किट उघडून चार महिने झाले, पण आज पहिला तुकडा कापला. सुकाणूच्या केबिनची पुढची भिंत. कटर उत्तम, डाग नाममात्र. फक्त कापल्याबरोबर तुकडा उडाला.

तीन तास शोधला. कपाट सरकवलं. मी टॉर्च घेऊन, बायको झाडू घेऊन. शेवटी बाबा भिंतीला धरून खाली बसले आणि फरशीवर हात फिरवत फिरवत त्यांनीच शोधून काढला. माझ्या गुडघ्याखाली होता. दुभंगलेला.

बायको म्हणाली, चिकटव तसाच, कुणाला दिसणार आहे. मी म्हटलं, मला दिसेल. दुकानदाराला फोन करून दुसरं किट मागवलं. सहा आठवडे लागतील. तोवर हे किट बंद. एकात तुटलेली भिंत आणि दुसऱ्यात धड, असं मिश्रण मला चालणार नाही.

बाबांना सांगितलं, जुलैत नक्की. ते म्हणाले, सावकाश होऊ दे.

३ जून
सापडला. नव्या क्रमाने चमचा नंबर सेहेचाळीस. हिरव्याचे सात थेंब, काळ्याचे दोन, तपकिरीचा एक. ऑफिसात दिवसभर हसतमुख होतो. एका वाण्याचा तराजू चक्क ताकीद देऊन सोडला.

नियमाप्रमाणे साक्षीदाराची खात्री तेवढी बाकी. रविवारी.

७ जून, रविवार, सकाळी दहा
बाबांना खिडकीशी बसवलं. ऊन छान होतं. सेहेचाळीस नंबर हातात दिला. लगेच म्हणाले, हाच. मला इतका आनंद झाला की बायकोला हाक मारली.

पण पडताळा हवा. पंचेचाळीस दिला. हाच, म्हणाले. बारा दिला. हाच. मी जरा चिडलो. असं कसं चालेल, नीट बघा म्हटलं. आणि टेबलावरून पुढचा उचलून दिला. तो पाकिटातला कोरा होता, पांढरा, माझ्या चुकीने आलेला. मी परत घेणार तेवढ्यात बाबांनी तो खिडकीकडे धरला, मान तिरकी केली, अगदी पूर्वी करायचे तशी, आणि म्हणाले, हाच तो. छान जमलाय रे.

बायको दारातच उभी होती. ती आत निघून गेली.

मी विचारलं, कधीपासून. एप्रिलपासून, म्हणाले. तो कप पडला त्याच्या आधीपासूनच. आधी सावल्या दिसायच्या, आता त्याही नाहीत. तू एवढा जीव लावून करत होतास, म्हणून बोललो नाही. चमचे घेऊन रोज माझ्याशेजारी येऊन बसायचास, ते मला आवडायचं.

मला फार लाज वाटली. इतकी की त्यांच्याकडे बघवेना, आणि मग लक्षात आलं, बघितलं काय न बघितलं काय, त्यांना कळणार नाही.

सकाळी साडेअकरा
बाबांनी बोलावलं. म्हणाले, दिसत नाही तर नाही, जेवढी झालीय तेवढी हातात तरी दे, चाचपून बघतो. धुराडं कुठे, केबिन कुठे, मला बोटांनी कळेल.

टेबलापाशी गेलो. दोनशे तेरा तुकडे अजून फ्रेमलाच आहेत. परत आलो.

रंग अजून ओला आहे, असं सांगितलं.

बरं, म्हणाले, थांबतो मी. आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले.