केक्को म्हणजे नेमकं काय, याविषयी ताईला

कितासेन्जू, तोक्यो
मंगळवार, सकाळचा चहा झाल्यावर

तीर्थरूप फुसाए ताईस,

धाकट्या हिदेओमिचा नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण आठांपैकी पाच अंगं सध्या दुखतायत (का ते पुढे येईलच), तेव्हा उरलेल्या तिनांनी घातलेला गोड मानून घे. तुझा गुडघा कसा आहे? दाजी अजून पहाटे गळ टाकायला जातात की डॉक्टरांचं ऐकायला लागले? मी ठीक आहे. म्हणजे तब्येतीनं ठीक आहे. बाकीचं लिहायला बसलोय, आणि हे तिसरं पत्र आहे. पहिली दोन हवापाण्याच्या पुढे गेलीच नाहीत.

ताई, माझ्या धंद्याबद्दल तुला जे माहीत आहे ते खोटं नाही, अपुरं आहे. ‘नुकागा शिक्षणपट’ ही कंपनी मी बंदरावरच्या कामगारांना ओझं दोरीनं कसं बांधावं हे शिकवायला काढली, इथपर्यंत सगळं खरं. पुढे बंदरावर यंत्रं आली आणि दोरीला एकाच जातीचं गिऱ्हाईक उरलं. गेली अकरा वर्षं मी माणसं बांधण्याचे चित्रपट काढतो. प्रौढांचे, प्रौढांसाठी, दुकानाच्या पडद्यामागच्या कप्प्यात ठेवायचे. (ही ओळ दाजींना मोठ्यानं वाचून दाखवू नकोस. त्यांच्याकडे आमचा एखादा निघाला तर उगाच अवघडतील.) गेल्या वर्षी तू महिला मंडळासाठी माझी एखादी फिल्म मागवलीस आणि मी ‘प्रती संपल्या’ म्हणून कळवलं. प्रती गोदामभर होत्या. तू तेव्हा लिहिलंस, एवढा खप म्हणजे भाऊ नाव काढणार. ते पत्र मी अजून टाकलेलं नाही आणि उघडूनही बघत नाही.

पण आमचा धंदा म्हणजे काय कसाईखाना नव्हे, हेही लिहायला हवं. उलट एवढी कागदपत्रं लग्नालाही लागत नाहीत. नव्या कायद्यानं प्रत्येक चित्रपटाचा वेगळा करार, करार हातात दिल्यावर महिनाभर चित्रीकरण करायचं नाही, चित्रीकरणानंतर चार महिने बाजारात आणायचं नाही, आणि त्यातल्या बाईनं आधी सगळं पाहायचं. एवढं करूनही बाजारात आल्यावर वर्षभरात तिनं ‘मला नको’ म्हटलं, कारणही न देता, की सगळा माल परत. मी याबद्दल पुष्कळ कुरकुर केली आहे. आता नाही करत. चित्रीकरणाच्या आधी आणि नंतर आम्ही मुलाखत घेतो, की बाई स्वखुशीनं आल्या आहेत, धडधाकट आहेत, हसतायत, भाताचा गोळा खातायत. यावर साप्पोरोच्या एका प्रेक्षकाची तक्रार आली, की शेवटी त्या खाताना दिसल्या आणि माझा सगळा विश्वास उडाला. लोकांना खरं हवं असतं, ताई. आमच्या प्रत्येक वेष्टनावर ‘नाटक नाही’ असं छापलेलं असतं, आणि आत संहितेत बावीस वेळा ‘नको’ लिहिलेलं असतं, कुठे हळू, कुठे रडत, सगळं समासात खुणेसकट.

आता बावीस ‘नको’ खोटे म्हटल्यावर खऱ्या ‘नको’ला वेगळा शब्द लागतो. तो आधी ठरवायचा आणि तो उच्चारला की सगळं थांबवायचं. आम्ही प्रथम ‘तोफू’ ठेवला होता. एकदा मधल्या सुट्टीआधी कुणीतरी जेवणात काय आहे विचारलं, बाईंनी बांधलेल्या अवस्थेतच प्रामाणिकपणे उत्तर दिलं, आणि चार माणसं कात्र्या घेऊन धावली. तेव्हापासून शब्द ‘वेधशाळा’. हा चुकून कुणाच्या तोंडी येत नाही म्हणून मी फार खूश होतो. चुकून येत नाही तो अडीअडचणीलाही येत नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आता मुद्दा. फेब्रुवारीत चिबामधल्या एका भाड्याच्या सरायीत चित्रीकरण होतं. बाईंचं नाव मिओरि-सान, वय चौतीस, या कामात माझ्याइतक्याच मुरलेल्या, आणि आपल्याच किनाऱ्याच्या, आपल्या नामेरिकावा गावापासून दोन स्टेशनं पलीकडे त्यांचं माहेर. माझ्याबरोबर सात चित्रपट केलेत. दोर बांधणारे ओरितानी, म्हणजे बंदरावरच्या माझ्या पहिल्या फिल्ममध्ये गाठी शिकवायचे तेच. अडुसष्ट वर्षांचे आहेत, हात सोन्याचा, पण डावा कान गेलेला. त्यामुळे बाई काय म्हणाल्या ते मी ऐकायचं आणि त्यांना खूण करायची, ही आमची पद्धत. हात मागे बांधून झाले होते. मी विचारलं, ‘आणखी एक फेरा चालेल ना, मिओरि-सान?’ त्या खाली बघून म्हणाल्या, ‘केक्को देसु.’ ओरितानींनी माझ्याकडे पाहिलं. मी खूण केली, चालेल म्हणतायत. पुढची नऊ मिनिटं त्या रडल्या. संहितेत तिथे रडणं नव्हतं.

‘केक्को’ तुला मी काय समजावणार, जन्म गेला तुझा दुकानात. पण लिहिल्याशिवाय माझी बाजू उभी राहत नाही. वडिलांनी लेकीचं स्थळ पाहून ‘केक्को’ म्हटलं की उत्तम. पाहुण्यानं तिसऱ्या वाढणीला ‘केक्को’ म्हटलं की पुरे. एकच शब्द, फरक हाताचा. नको असलं की आपण तोंडासमोर माशी वारल्यासारखा पंजा हलवतो. आपल्या दुकानात गिऱ्हाईक सुक्या कोम्बू शेवाळाचा तुकडा चाखून ‘केक्को’ म्हणालं की तू चेहऱ्याकडे बघायचीच नाहीस, पंजाकडे बघायचीस. आणि मिओरि-सानचे हात मी मागे बांधून ठेवले होते. पंजा हलला असेल. पाठीमागे हलला असेल. कॅमेरा पुढे होता.

मला हे तीन आठवड्यांनी संकलनाच्या टेबलावर लक्षात आलं. वितरकानं मात्र तेवढीच नऊ मिनिटं पाहिली आणि फोनवर ओरडला, ‘नुकागा, अकरा वर्षांत पहिल्यांदा खरं काहीतरी दिलंस लेका!’ मी त्याला धन्यवाद दिले. तोंडातून आपोआप गेले, ताई, पण गेले.

मग मिओरि-सानचं पत्र आलं. चांगल्या कागदावर, सुरेख अक्षरात, सुरुवातीला प्लमच्या बहराची चौकशी. लिहितात, मी तेव्हा नको म्हणाले होते. ठरलेला शब्द मला आठवला नाही, आईनं शिकवलेलाच आला, ती माझी चूक. मला एवढंच विचारायचं आहे, की तुम्हाला ऐकू आलं नाही, की ऐकू येऊन उलटं कळलं, की नीट कळलं होतं? पहिल्या दोहोंपैकी काही असेल तर चित्रपट जाऊ द्या, माणसाकडून चुका होतात, मी हरकत घेणार नाही. तिसरं असेल तर मी तो काढून घेईन आणि पुन्हा तुमच्या समोर बसणार नाही. उत्तर तुम्ही स्वतः द्यावं.

आमच्या वकील सागिनुमा बाई (वय एकतीस, मला शाळेतल्या पोरासारखं बोलतात) हे वाचून खुलल्याच. ‘नुकागा साहेब, तुमच्या हातात पेपर आयता दिलाय. दुसरा पर्याय लिहा आणि मोकळे व्हा.’ मी म्हटलं, असं लिहायचं तर पटायला हवं. त्या म्हणाल्या, ‘पटवायचं माझ्यावर सोडा. तुम्ही दोघं एकाच गावाकडचे ना? तिकडे हा शब्द होकारासाठीच जास्त वापरतात असं कुणी वडीलधारं लिहून देईल का ते बघा. आणि दोर नेमका किती आवळला होता ते ओरितानींकडून मोजून घ्या. पुढे कुणी विचारलंच तर आकडा हवा.’

म्हणून मी ओरितानींकडे गेलो. ते म्हणाले, ‘आकडाबिकडा मला येत नाही. बस इथे, तोच फेरा घालून दाखवतो.’ छप्पन्नाव्या वर्षी मी त्यांच्या घरी, त्यांच्या बायकोच्या शिवणयंत्राशेजारी, पायघोळ पँट आणि मोज्यांवर मांडी घालून बसलो. त्यांनी बांधलं. चौथ्या मिनिटाला माझ्या खांद्यातून कळ गेली. त्यांनी मुद्दाम उजवा कान पुढे करून विचारलं, ‘काय रे नुकागा, आणखी एक फेरा चालेल ना?’ ताई, ‘वेधशाळा’ हा शब्द मी स्वतः निवडलेला. तो सोडून मला रेल्वेस्थानकांची नावंसुद्धा आठवली. शेवटी म्हणालो, ‘केक्को देसु.’ म्हातारा म्हणाला, ‘हो का? बरं,’ आणि एक फेरा आवळला. आतून त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या, मला त्या अवस्थेत वाकून नमस्कार केला, आणि सोबत खारं बिस्किट घेणार का म्हणून विचारलं. त्यालाही मी ‘केक्को’ म्हणालो. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, ‘सोडा हो त्यांना, नको म्हणतायत ते.’ हात त्यांनाही दिसत नव्हते. मला एवढी लाज कधी वाटली नव्हती, आणि कपडे तर सगळे अंगावर होते.

सोडवल्यावर ओरितानी म्हणाले, ‘मी त्या दिवशी तुझ्याकडे पाहिलं होतं, कारण मला ऐकू येत नाही. तुला येतं.’ मग आम्ही चहा प्यायलो. खांदे, मनगटं आणि कंबर धरून आहेत, बाकी ठीक.

तर असं आहे. परवा दुपारी मिओरि-सान चित्रपट पाहायला येणार आहेत आणि त्याआधी त्यांना माझं उत्तर जायला हवं. गैरसमज झाला, शब्दच असा आहे, हात दिसले नाहीत, एवढंच मी लिहिणार आहे. ऑफिसात आम्ही तिघंच, आणि हा चित्रपट गेला तर तिघंही घरी बसू. तू माझ्यावर रागावशील, पण माझी बाजू समजून घेशील अशी आशा आहे. थंडी सरताना गुडघ्याला जपावं. दाजींना आदर, भाचीला आशीर्वाद, तिला मी अजून शिक्षणपटवाला मामाच राहू दे.

तुझा,
हिदेओमि

ता. क. एक काम होतं. सोबत एक कोरा कागद आणि पत्ता लिहिलेलं पाकीट ठेवलंय. त्यावर तू, चाळीस वर्षं दुकान चालवणारी बाई म्हणून, दोन ओळी लिहायच्या की आमच्याकडे ‘केक्को’ म्हटलं की माणसं होकारच धरतात. शिक्का दुकानाचा चालेल. सागिनुमा बाईंना तेवढं पुरे आहे.

ता. क. २. ते काही लिहू नकोस. आपल्याकडे कुणी होकार धरत नाही. मी दुकानात बसायचो ती दोन वर्षं, एकदाही चुकीची पुडी बांधली नाही. पाठमोऱ्या गिऱ्हाइकाचा ‘केक्को’ मला नुसत्या आवाजावरून कळायचा, आणि तू याचं बाहेरच्यांसमोर कौतुक करायचीस. कोरा कागद दाजींना बिलासाठी दे.

ता. क. ३. ताई, वर ‘तीन आठवड्यांनी लक्षात आलं’ असं लिहिलंय. शाईनं लिहिलंय आणि पान फाडलं तर चौथं पत्र होईल, म्हणून इथेच लिहितो. मला तेव्हाच कळलं होतं. ती ‘केक्को’ म्हणाली आणि मला नीट कळलं, आणि माझ्या मनात आलं की हा आवाज खरा आहे, कॅमेरा चालू राहू दे. मग मी ओरितानींना खूण केली. तिसरा पर्याय. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आधी हे पत्र टपालपेटीत टाकतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही, आणि तिथूनच मिओरि-सानकडे जातो, सांगायला.