हलकं वांगं

१९ जानेवारी
मुक्ताचा फोन. लाइपझिगला बर्फ. तिला उन्हाळ्यात बाल्कनीत भरताचं वांगं लावायचंय. आपलं, हिरवं. तिकडची काळी-जांभळी भाजली की नुसतं पाणी सुटतं म्हणे. डब्यात बी टाकून पाठवते म्हटलं, तर नको. कागदपत्रांशिवाय बी पाठवता येत नाही.
"इकडेच कुठे मिळतं का शोध ना, मम्मी. तुला शोधायची सवय आहे."
आहे. लिहायचं सोडून शोधत बसायची.

२३ जानेवारी
इंटरनेटवर युरोपातली बियाण्यांची दुकानं पालथी घातली. टोमॅटो शेकड्यानं. वांगी मोजकी, तीही बरीचशी संकरित. त्यांचं बी धरून उपयोग नाही, पुढच्या वर्षी वेगळंच काहीतरी उगवतं. हे सगळं मी आत्ता वाचून शिकतेय. शेतकऱ्याची मुलगी.

२७ जानेवारी
सापडलं!
दुकानात नाही. हौशी लोकांचं मंडळ आहे, देशोदेशी पसरलेलं. एकेका घरानं चार-दोन जुन्या भाज्यांचं बी सांभाळायचं, दर वर्षी यादी काढायची, मागेल त्याला पाकिटातून पाठवायचं. त्या यादीत, ऑस्ट्रियातल्या एका डोंगरी गावातल्या हेल्गाबाईंच्या नावापुढे: वांगं, हिरवं, पांढऱ्या रेघांचं, भाजण्यासाठी. मूळ: जळगाव, भारत.
जळगावच्याच पिंप्राळ्यात खुर्चीवर बसून ही ओळ पुन्हा पुन्हा वाचली. ह्यांना हाक मारून दाखवली. "छान," म्हणाले, "आता आपल्याला आपलं वांगं तिकडून मागवायचं."
गमतीनं म्हणाले. मला हसू आलं नाही.

४ फेब्रुवारी
मुक्ताकरवी हेल्गाबाईंना लिहिलं होतं, आई शेतात असते हेही. त्यांचं उत्तर. मुक्तानं मराठी करून पाठवलं. त्यांचे यजमान तरुणपणी भुसावळजवळच्या वीजकेंद्रात यंत्रं बसवायला आले होते. निघताना शेजारणीनं पुडी दिली. यजमान गेले, बाईंनी वांगं चालू ठेवलं. आता बी थोडं उरलंय, जुनं झालंय, कमी उगवतं. मुक्ताला चार दाणे देतील, बाकी सगळं यंदा पेरतील. पैसे घेत नाहीत. एवढंच मागितलंय: तुमच्याकडे बियाण्यासाठी फळ कसं निवडतात ते लिहून द्या. शेजारीण भाषेअभावी सांगू शकली नव्हती. यादीत छापायचंय. "तुमच्या आईला विचाराल का?"

६ फेब्रुवारी
आईला धरणगावकडे गावी फोन लावला. बियाण्याचं वांगं कसं निवडायचीस?
"रोपं नर्सरीमाईन आणतस आपण. बी कोन ठेवस आते?"
आधी?
"आधीबी नर्सरीच. तू शाळामा व्हती तवयपासून."
फोन ठेवला.
आता त्या बाईंना काय लिहू? की ज्या गावावरून तुम्ही वांग्याला ओळखता, तिथे आम्ही रोपं विकत आणतो. तुम्ही परक्या थंडीत काचेखाली जगवलंत आणि आमच्या बांधावर

८ फेब्रुवारी
लिहिलं. एका बैठकीत उतरलं. "माझी आई सकाळी वाफ्यात जाते. एकेक वांगं देठाशी तोलून बघते. आकाराच्या मानानं जे सगळ्यात हलकं भरतं, ते बियाण्यासाठी खुडून ठेवते. जड वांगी शेजाऱ्यांच्या भरताला जातात. हलकं म्हणजे ज्यानं अजून स्वतःसाठी काही साठवलेलं नाही."
शेवटच्या वाक्यावर मीच खूश.
मुक्तानं भाषांतर करताना विचारलं, "मम्मी, हलकं तर आपण भरताला घेतो ना? बाजारात तूच सांगायचीस, जड असलं की आत बिया."
"बियाण्याचं वेगळं असतं," म्हटलं. चटकन म्हटलं. आवाजही खात्रीचा निघाला.

२२ मार्च
मुक्ताकडे एकच दाणा उगवला. फोटो आला. दह्याच्या डबीत दोन पानं. हेल्गाबाईंकडे मोजकी रोपं आलीत. घरातलं जुनं बी संपलं.

११ जून
तोच मजकूर मराठीत थोडा वाढवून धुळ्याच्या एका साप्ताहिकाला दिला होता. छापून आला. शीर्षक त्यांचं: "आईच्या ओंजळीतलं वाण". लोकांचे फोन. एक जण म्हणाला, डोळ्यांत पाणी आलं. मी "हो का" म्हणत राहिले. आवडत होतं ऐकायला. ते लिहून ठेवते इथे.

५ जुलै
धुळ्याच्या वाचनालयातून पत्र. लेखाचं वाचन आणि "वाण जपणाऱ्या मातेचा" सत्कार. आईला घेऊन या.
नाही म्हणायला हवं होतं. हे म्हणाले, "वांग्यावर सत्कार. चला, आमच्या घरात करपलेलं भरीत खाल्ल्याचं सार्थक झालं."

१२ जुलै
धुळ्याहून परत. आई नऊवारी नेसून पहिल्या रांगेत. मी वाचत होते, ती माझ्याकडे बघत होती, आपल्याच गावच्या कुणा दुसऱ्या बाईची गोष्ट ऐकावी तशी. हलक्या वांग्याच्या वाक्याला टाळ्या. मग शाल, नारळ. अध्यक्षांनी दोन शब्द बोला म्हटलं. आई उठली, हात जोडले. "सगळ्यांनी जेवून जा," म्हणाली आणि बसली. जेवण नव्हतंच, नुसता चहा होता. लोक हसले, प्रेमानं.
बस पारोळ्याला आली. मग आई शालीवरून हात फिरवत:
"सत्कार कसाना व्हता व?"
वांग्याचा.
"मी काय करं?"
मी कंडक्टरला सुट्या पैशांची आठवण केली. "शाल चांगली शे," म्हणाली.

१४ सप्टेंबर
हेल्गाबाईंचं पत्र. मुक्तानं मराठी करून पाठवलं. पूर्ण वाचून लॅपटॉप मिटला, पुन्हा उघडला.
बाईंकडे फळं थोडीच धरली. त्यांनी सगळं लिहिल्याबरहुकूम केलं. एकेक तोललं. सगळ्यात हलकं खुडून आठवडाभर खिडकीत ठेवलं. जड होती ती शेजाऱ्यांना बोलावून भाजली. "छान झालं भरीत." मग हलकं चिरलं. आत पांढरा कापूस आणि मऊ, दुधाळ दाणे, नखानं चिरडणारे. पेरण्याजोगा एकही नाही. त्यांच्याकडे थंडी लवकर येते, झाडं काळी पडली.
आणि शेवटी: "दोष माझ्या हाताचा आहे. तुमच्या आईच्या हाताला जे कळतं ते माझ्या हाताला कळलं नाही. इतकी वर्षं मी फळ झाडावरच विसरून पिवळं होऊ द्यायचे आणि त्यातून मिळेल ते बी घ्यायचे. ते अडाणीपणाचं वाटत होतं. यंदा नीट शिकायचं ठरवलं होतं. माफ करा."
माफ करा म्हणतात.

१५ सप्टेंबर
स्वयंपाक केला, भाजीत मीठ नव्हतं. ह्यांनी वरून घेतलं.
बाजारात वांगं घेणाऱ्या बाईचं ज्ञान मी उलटं करून, सजवून पाठवलं. बी नसलेलं फळ बियाण्याला. साधा विचार केला असता तरी कळलं असतं. विचार केला नाही, कारण वाक्य चांगलं झालं होतं.

१६ सप्टेंबर
आता जगात त्या बीचं एकच झाड मला माहीत आहे, मुक्ताच्या बाल्कनीत. त्याला एकच फळ. आज तिचा मेसेज, फोटोसकट. एका हातानं खालून तोललेलं, हिरवंगार, तुकतुकीत.
"मम्मी, हेल्गाबाईंचा हात चुकला, पण माझं मस्त हलकं लागतंय. म्हणजे बियाण्याचं. शनिवारी खुडते."
लगेच लिहिलं: "थांब. तिकडची हवा थंड, तिथे झाडावरच पिवळं होऊ दे. खिडकीच्या आत घे कुंडी."
"ओके. पण आजीची पद्धत?"
"हवेप्रमाणे बदलते," लिहिलं.
फळ वाचलं. आणि मी त्याच्याआड पुन्हा लपले. तिकडची हवा म्हणे.

२१ सप्टेंबर
गावी गेले. आईला चुलीपुढे बसून सगळं सांगितलं. बाई, पत्र, वांगी, धुळ्याची शाल. तिनं भाकरी उलटली.
"मन्हं नाव कसाले घालं व?"
तुझं नाव घातलं की खरं वाटतं, हे कसं सांगणार?
"त्या बाईनं वांगं वाया गयं?"
हो.
"एकलीच ऱ्हास ती?"
हो. यजमान गेले.
तिनं चुलीत लाकूड सारलं. मग, "सांगी दे तिले." आणि भाकरी ताटात टाकताना, "शाल परत लई जातीन का ते?"
मला हसू आलं आणि लगेच रडू. ती म्हणाली, गरम आहे तोवर खा.

२८ सप्टेंबर
हेल्गाबाईंचा निरोप. यादी छपाईला चाललीय. त्यांच्या नावापुढचं वांगं खोडलंय, बी नाही म्हणून. पण आईची पद्धत तशीच ठेवतायत, "इतर कुणाच्या वांग्याला उपयोग होईल." काही दुरुस्ती असेल तर कळवा.
इतर कुणाच्या.
किती जण वाचतील आणि हलकं खुडतील.

२९ सप्टेंबर
तीन वेळा लिहिलं. पहिल्यात "गैरसमज" हा शब्द होता. खोडला. दुसऱ्यात आजारपण, घाई. खोडलं. तिसरं असं:
"हेल्गाबाई, तुमच्या हाताचा दोष नाही. माझ्या आईनं हे कधी सांगितलं नाही. आमच्या घरी बी ठेवत नाहीत, रोपं विकत आणतात. ते तुम्हाला सांगायची मला लाज वाटली, म्हणून मी मनानं लिहिलं. हलकं वांगं खाण्याचं. तुम्ही विसरायचात ते बरोबर होतं. यादीतून माझा मजकूर काढा आणि तुमची पद्धत छापा."
यात एकही चांगलं वाक्य नाही. तसंच ठेवलं.
धुळ्याच्या साप्ताहिकालाही खुलासा लिहिला. पाकीट बंद करून दाराशी ठेवलं.
पण हेल्गाबाईंना जर्मनच कळतं. म्हणजे आधी मुक्ता वाचणार. फोन पालथा ठेवून कपडे वाळत घातले. आत आले. पाठवलं.

३० सप्टेंबर
मुक्तानं वाचल्याच्या निळ्या खुणा काल दुपारीच आल्या. "टायपिंग" दिसलं, गेलं. पुन्हा दिसलं, गेलं.
मी बाजारात गेले. भरताची वांगी नवी आलीत. सवयीनं एक उचललं, तोललं. हात खरंच सांगतो. ठेवून दिलं.
संध्याकाळी मुक्ताचा फोटो. कुंडी खिडकीच्या आत, रेडिएटरपाशी. वांग्याच्या बुडाशी, रुपयाएवढ्या जागेत, हिरवा रंग फिका पडलाय. पिवळा म्हणावा की नुसता उजेड, कळत नाही.
खाली लिहिलंय: "तिकडची हवा म्हणालीस तेव्हाच कळलं होतं. पत्राचं भाषांतर केलंय. पाठवू का ते उद्या सांग. आज बोलायला नको."
मी "पाठव" लिहिलं. उद्यापर्यंत थांबले नाही.
एकच खूण.